खूण आणि तिचे नाव : कर्करोगदर्शक प्रथिनांच्या नामकरणाचा इतिहास

रोगाचे नाव अयथार्थ असले तरी त्यापायी रोग्याचे सहसा नुकसान होत नाही. ‘कर्करोग’ हाच शब्द घ्यावा. प्राचीन ग्रीक वैद्यांनी ह्या व्याधीला खेकड्याचे नाव दिले; स्तनातील गाठीभोवती फुगून आलेल्या शिरांना गेलेन याने खेकड्याच्या पायांची उपमा दिलेली आहे. ग्रीक ‘कार्किनॉस’चे लॅटिनमध्ये ‘कॅन्सर’ झाले, आणि संस्कृत ‘कर्कट’ हा शब्द ह्यांचा सगोत्र मानला जातो. सुश्रुतसंहितेत मात्र अशा गाठींना ‘ग्रंथी’ व ‘अर्बुद’ ही नावे आहेत. तेथे खेकड्याचा मागमूस नाही. म्हणजे मराठीतील ‘कर्करोग’ हे युरोपीय नावाचे भाषांतर होय, आणि त्यातील खेकडा कोणीही खरा मानीत नाही. उपमा उघड असल्यामुळे ती निरुपद्रवी ठरली.

रोगाच्या खुणेची गोष्ट वेगळी आहे. रक्तात किंवा मूत्रात आढळणाऱ्या एखाद्या प्रथिनाला नाव मिळते तेव्हा ते नाव बहुधा एक विधान करीत असते : हे प्रथिन अमक्या अवयवाचे आहे, अमक्या रोगाचे आहे, अमक्या अवस्थेत उत्पन्न होते. पुढील संशोधनाने ते विधान खोटे पडले तरी नाव तसेच राहते. मग त्या नावावर विसंबून वैद्य निदान करतात, रुग्ण धास्तावतात आणि निरोगी माणसांच्या सरसकट तपासण्यांचे बेत आखले जातात. गेल्या पावणेदोनशे वर्षांत कर्करोगाशी निगडित प्रथिनांना नावे कशी मिळाली आणि त्या नावांनी वैद्यकाच्या व्यवहारावर कोणता परिणाम केला, हे प्रस्तुत निबंधात पाहावयाचे आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ लंडनमध्ये इ. स. १८४५ साली होतो. तेथील एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याला हाडांच्या असह्य वेदना होत होत्या. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. विल्यम मॅकिंटायर आणि डॉ. टॉमस वॉटसन ह्यांना त्याच्या मूत्रात एक विलक्षण गोष्ट आढळली. मूत्र तापविले की त्यात साका उत्पन्न होई; आणखी उकळले की तो विरघळे; आणि थंड होताच पुन्हा दिसू लागे. साध्या अल्ब्युमेनचे वर्तन असे नसते, कारण ते एकदा उष्णतेने गोठले म्हणजे गोठलेच. मूत्राचे नमुने डॉ. हेन्री बेन्स जोन्स ह्यांच्याकडे गेले. ते वैद्य तर होतेच, परंतु जर्मनीत लीबिग ह्यांच्यापाशी रसायनशास्त्राचे शिक्षणही त्यांनी घेतले होते. १८४६ च्या आरंभी रुग्ण मरण पावला. शवविच्छेदनात त्याची हाडे चाकूने कापता येतील इतकी मऊ झालेली आढळली.

बेन्स जोन्स ह्यांनी १८४७ व १८४८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि अस्थिमार्दवाच्या इतर रुग्णांतही हे द्रव्य शोधले पाहिजे, असे आवर्जून सांगितले. शारीरिक रसातील एखादे प्रथिन हे एका विशिष्ट रोगाची खूण म्हणून सुचविले गेल्याचे हे पहिले उदाहरण मानतात. नामकरणाच्या दृष्टीने त्याचा पुढील भाग अधिक मननीय आहे. बेन्स जोन्स ह्यांनी स्वतः ह्या द्रव्याला जे रासायनिक नाव दिले, त्याचा अर्थ ‘अल्ब्युमेनचे जलयुक्त ऑक्साइड’ असा होतो. ते नाव एक सिद्धांत सांगत होते, आणि तो सिद्धांत चुकीचा होता. नाव लवकरच विस्मरणात गेले. पुढच्या पिढीने त्या द्रव्याला नुसते ‘बेन्स जोन्स प्रथिन’ म्हटले. ह्या नावाने काहीच विधान केले नसल्यामुळे ते खोटे ठरण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. (पुष्कळ ग्रंथांत बेन्स आणि जोन्स ह्यांच्यामध्ये संयोगचिन्ह घातलेले दिसते व वाचकाला त्या दोन व्यक्ती वाटतात. वस्तुतः बेन्स हे त्यांच्या मातृकुळाचे नाव होय.) १८७३ साली रुस्तिझ्की ह्यांनी अस्थिमज्जेच्या ह्या कर्करोगाला ‘मायलोमा’ हे नाव दिले, पण मूत्रातील ते प्रथिन नेमके काय आहे हे कळावयास १९६२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एडलमन आणि गॅली ह्यांनी दाखवून दिले की, प्रतिपिंडाच्या रेणूतील हलक्या साखळ्या म्हणजेच बेन्स जोन्स प्रथिन. साध्या प्रतिपिंडातून त्या सुट्या केल्या तरी तापविल्यावर त्या त्याच तऱ्हेने वागतात. रुग्णाच्या मज्जेतील एकाच पेशीची संतती अमर्याद वाढते आणि एकाच साच्याच्या साखळ्या ओतीत राहते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी नाव मात्र जेथल्या तेथे होते.

विसाव्या शतकाच्या मध्यास शोधाचे साधन बदलले. परीक्षानळी आणि दिवा ह्यांची जागा ससा व उंदीर ह्यांनी घेतली. गाठीतील द्रव्य प्राण्याला टोचावयाचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होऊ द्यावयाची, आणि ती प्रतिपिंडे कशाला चिकटतात ते पाहावयाचे. कर्करोगाच्या पेशीत जे आहे आणि निरोगी पेशीत नाही असे काही हाती लागावे, हा त्यामागील हेतू होता. मॉस्को येथे गार्री आबेलेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६३ साली उंदराच्या यकृताच्या कर्करोगात असे एक प्रथिन मिळाले. परंतु ते कर्करोगाचे स्वतःचे नव्हते. उंदराच्या गर्भाच्या रक्तातही ते सापडले. प्रौढावस्थेत यकृत ज्याचे उत्पादन जवळजवळ थांबविते ते गर्भावस्थेतील प्रथिन कर्करोगाने पुन्हा सुरू केले होते. पुढच्याच वर्षी आस्त्राखान येथे युरी तातारिनोव्ह ह्यांना यकृताच्या कर्करोगाने पीडित मनुष्याच्या रक्तात तेच आढळले. ‘अल्फा-फीटोप्रोटीन’ ह्या नावातील ‘अल्फा’ हे अक्षर विद्युत्‌क्षेत्रात प्रथिने विलग करताना त्याची जागा कोठे पडते एवढेच सांगते, आणि उरलेला भाग गर्भाचा निर्देश करतो. नावात कर्करोग नाही. त्यामुळे १९७२ साली एडिंबरो येथे ब्रॉक आणि सटक्लिफ ह्यांनी हेच प्रथिन गर्भाच्या मेंदूतील व पाठीच्या कण्यातील व्यंगाची खूण म्हणून दाखविले तेव्हा नाव आड आले नाही. यकृतदाहात किंवा गरोदरपणात ते वाढते म्हणून कोणाला धक्का बसण्याचेही कारण नव्हते.

कॅनडातील मॉन्ट्रिऑल येथे १९६५ साली झालेल्या संशोधनाची हकीकत ह्याच्या उलट आहे. मॅकगिल विद्यापीठातील फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन ह्यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा अभ्यास हाती घेतला. एका माणसाची गाठ आणि दुसऱ्याचे निरोगी आतडे अशी तुलना केल्यास दिसणारा फरक रोगामुळे आहे की व्यक्तिभेदामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून त्यांनी गाठ आणि गाठीपासून दूरचे निरोगी आतडे ही दोन्ही एकाच रुग्णाकडून घेतली. ही योजना वरवर साधी दिसते. परंतु त्यांच्या निष्कर्षांना आलेले वजन मुख्यतः तिच्यामुळे आले. गाठीत असलेले आणि निरोगी भागात न दिसणारे एक द्रव्य त्यांना मिळाले, आणि तेच दोन ते सहा महिन्यांच्या मानवी गर्भाच्या आतड्यात, यकृतात व स्वादुपिंडातही आढळले. त्यांनी त्याला जे नाव दिले त्याचा शब्दशः अर्थ ‘कर्क-भ्रूण-प्रतिजन’. आद्याक्षरे घेऊन ते ‘सीईए’ म्हणून प्रसिद्ध झाले.

नावात दोन विधाने होती. हे द्रव्य कर्करोगात असते आणि भ्रूणात असते. निरोगी प्रौढाला त्यात जागा नाही. १९६९ साली ह्याच गटाने किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने ते रक्तात मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ३६ पैकी ३५ रुग्णांत ते आढळल्याचे नोंदविले. नुसत्या रक्ततपासणीने कर्करोग ओळखता येणार, ही आशा त्यामुळे बळावली. ती टिकली नाही. इतरत्र तीच तपासणी करणाऱ्यांना धूम्रपान करणाऱ्या, यकृत निबर झालेल्या आणि आतड्याचा दाह असलेल्या माणसांच्या रक्तातही ते वाढलेले दिसले. निरोगी आतड्यातही ते अल्प प्रमाणात सापडले. उलट, आरंभीच्या अवस्थेतील कित्येक कर्करुग्णांच्या रक्तात ते वाढलेले नसे. १९८० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या तज्ज्ञसभेने निरोगी जनतेत कर्करोग शोधण्यासाठी ही तपासणी वापरू नये, असा निर्णय दिला. पण गाठ काढून टाकल्यावर रोग परत येत आहे काय हे पाहण्यासाठी तिचा उपयोग मान्य झाला, आणि तो आजही आहे. ‘रोग आहे काय’ ह्या प्रश्नाला जे प्रथिन नीट उत्तर देऊ शकले नाही, तेच ‘रोग परतला काय’ ह्या प्रश्नाला पुष्कळसे विश्वसनीय उत्तर देते. दुसऱ्या प्रश्नात तुलना त्याच माणसाच्या आधीच्या आकड्याशी असते. पहिल्यात ती एका सरासरी, काल्पनिक निरोगी माणसाशी असते. गोल्ड आणि फ्रीडमन ह्यांनी प्रयोगशाळेत पाळलेली एकाच देहाची तुलना रुग्णालयात अशा रीतीने परत आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्या नावातील तिसऱ्या घटकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘प्रतिजन’ म्हणजे ज्याच्यामुळे प्रतिपिंड उत्पन्न होते ते द्रव्य. पण येथे प्रतिपिंड कोणात उत्पन्न झाले? सशात. ज्या मनुष्याच्या देहात ते प्रथिन आहे त्याच्या दृष्टीने ते प्रतिजन नव्हे; ते त्याचे स्वतःचे, काहीतरी काम करणारे प्रथिन आहे. म्हणजे हे नाव सशाच्या दृष्टिकोनातून ठेवलेले आहे. संशोधनाच्या साधनाने संशोधनाच्या विषयाला नाव दिले, आणि ते प्रथिन देहात काय करते हा प्रश्न दीर्घकाळ मागे पडला. पुढे येणाऱ्या आणखी दोन प्रथिनांच्या बाबतीत हेच घडले.

त्यांपैकी पहिले प्रोस्टेट ग्रंथीचे. त्याचा शोध कर्करोगाच्या निमित्ताने लागला असे म्हणणे अपुरे आहे, कारण गुन्हेतपासाच्या कामी वीर्याची खूण शोधणारेही त्याच्या मागावर होते. जपानमध्ये हारा ह्यांनी १९७१ साली त्याला वीर्यावरून नाव दिले. अमेरिकेत सेन्साबॉ ह्यांनी १९७८ साली रेणूच्या भारावरून ‘पी-३०’ म्हटले. आणि १९७९ साली बफेलो येथील रॉझवेल पार्क संस्थेत वांग, चू आदींनी प्रोस्टेटच्या ऊतीतून ते शुद्ध करून ‘प्रोस्टेट-विशिष्ट प्रतिजन’, म्हणजे ‘पीएसए’, असे त्याचे नामकरण केले. त्यापूर्वी १९७० साली रिचर्ड ॲब्लिन ह्यांनी प्रोस्टेटमधील प्रतिजनांचे वर्णन केलेले होते. ते आणि हे एकच की काय, ह्याविषयी मतभेद आहेत. तीन नावांतून तिसरे रूढ झाले.

त्या समासाचा विग्रह केला पाहिजे. ‘प्रोस्टेटला विशिष्ट असे प्रतिजन’ हा त्याचा सरळ अर्थ. विशिष्टता अवयवाची आहे, रोगाची नाही. निरोगी ग्रंथीतही हे प्रथिन विपुल असते. वीर्य पातळ करणे हे त्याचे नित्याचे काम आहे. वय झाल्यावर ग्रंथी नुसती मोठी झाली किंवा तिचा दाह झाला तरी रक्तातील प्रमाण वाढते. परंतु रुग्णालयाच्या दालनात समासाचा विग्रह कोणी करीत बसत नाही. ‘विशिष्ट’ हा शब्द कर्करोगाला लागू केला गेला, आणि अहवालातील आकडा हाच निर्णय समजला जाऊ लागला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ साली ह्या तपासणीला परवानगी दिली ती ज्यांचा रोग आधीच ठरलेला आहे अशांवर देखरेख ठेवण्यासाठी. १९९४ साली रोग शोधून काढण्याच्या कामीही ती देण्यात आली. एक मिलिलिटर रक्तद्रवात ४ नॅनोग्रॅम ही सीमारेषा सर्वत्र मानली गेली.

सीमारेषेचा फोलपणा २००४ साली प्रसिद्ध झालेल्या टॉम्सन ह्यांच्या अभ्यासाने उघड केला. ज्यांचा आकडा सात वर्षांत एकदाही ४ च्या वर गेला नव्हता अशा २,९५० पुरुषांच्या ग्रंथीचे तुकडे तपासले असता ४४९ जणांत, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांत, कर्करोग आढळला. सीमेच्या आत निर्भय असे क्षेत्र नव्हते. उलट बाजूने, सीमेपलीकडे सापडलेल्या कर्करोगांपैकी कित्येक इतके मंद होते की, ते अज्ञात राहिले असते तरी त्या पुरुषांना मृत्यू दुसऱ्याच कारणाने आला असता. युरोपातील सात देशांत झालेल्या प्रचंड चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तपासणीमुळे ह्या रोगाने येणारे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले हे खरे. परंतु एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० पुरुषांना तपासणीस बोलवावे लागे आणि ४८ जादा पुरुषांवर उपचार करावे लागत. उपचार म्हणजे शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, आणि त्यामागोमाग अनेकांच्या वाट्याला येणारे मूत्रावरील ताबा सुटणे व नपुंसकत्व. ह्या सत्तेचाळीस जणांचा हिशेब आकड्यांच्या तक्त्यात मावतो. त्यांच्या संसाराचा मावत नाही. ॲब्लिन ह्यांनीच २०१० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून सरसकट तपासणीवर कडक टीका केली. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१२ साली तपासणीविरुद्ध शिफारस केली आणि २०१८ साली ती सौम्य करून, ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषाने वैद्याशी विचारविनिमय करून स्वतः निर्णय घ्यावा, असे ठरविले.

दुसरे प्रथिन अंडाशयाच्या कर्करोगासंबंधीचे ‘सीए-१२५’ होय. त्याच्या नावातील अंक पुष्कळांना मात्रेचा किंवा भाराचा वाटतो. रॉबर्ट बास्ट आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९८१ साली बॉस्टन येथे उंदराच्या पेशींपासून मिळविलेल्या प्रतिपिंडांपैकी जे उपयोगी ठरले त्याचा तो अनुक्रमांक आहे, एवढेच. १९८३ साली ह्याच गटाला अंडाशयाच्या कर्करोगाच्या १०१ रुग्णांपैकी ८२ टक्क्यांत ते ३५ एककांच्या वर, आणि ८८८ निरोगी व्यक्तींपैकी केवळ एका टक्क्यात तसे आढळले. पण निरोगी आणि कर्करुग्ण ह्यांच्यामध्ये आजारी माणसांचे एक मोठे जग असते. मासिक पाळीच्या दिवसांत, गर्भाशयाचे अस्तर इतरत्र वाढण्याच्या विकारात आणि पोटाच्या क्षयात हे प्रथिन वाढते. यांतील शेवटचे कारण भारतात विशेष महत्त्वाचे आहे. पोटात पाणी झालेली, वजन उतरलेली, ‘सीए-१२५’ चढलेली स्त्री कर्करुग्ण समजली जावी आणि शस्त्रक्रियेच्या वेळी क्षय निघावा, अशा नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या आहेत. बॉस्टनच्या निरोगी व्यक्तींवरून आखलेली सीमारेषा क्षयग्रस्त देशात तशीच वापरता येत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०२१ साली आले. ह्या प्रथिनावर आधारलेल्या तपासणीने रोग काहीसा लवकर सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत.

रोगाची वाढ कोणत्या वेगाने होईल हे सांगणाऱ्या प्रथिनांची नावे, काहीशा योगायोगाने, पुष्कळ अधिक निर्विकार आहेत. पेशीविभाजनाच्या काळातच दिसणारे ‘की-६७’ १९८३ साली जर्मनीतील कील येथे सापडले. गावाच्या नावाची आद्याक्षरे आणि प्रयोगाच्या तबकातील खळग्याचा क्रमांक एवढाच त्या नावाचा अर्थ. ‘पी-५३’ हे १९७९ साली भारावरून पडलेले नाव. तो भारही चुकीचा निघाला. प्रत्यक्षात तो ४४ च्या आसपास आहे. सुरुवातीला ते कर्करोगाला चेतविणारे मानले गेले आणि १९८९ च्या सुमारास ते त्याला आवर घालणारे असल्याचे कळून आले. भूमिका पूर्णपणे उलटली, तरी नावाला काही झाले नाही. त्याला ‘कर्कचेतक’ म्हटले असते तर किती घोटाळा झाला असता ह्याची कल्पना करता येते. स्तनाच्या कर्करोगातील ‘हर-२’ ह्याला तर तीन घराण्यांतून तीन नावे आली : एक उंदराच्या मज्जापेशींच्या गाठीवरून, एक पक्ष्यांच्या विषाणूवरून, आणि एक मानवी वाढघटकाच्या ग्राहकावरून. १९८७ साली डेनिस स्लेमन आदींनी १८९ गाठी तपासून, ज्यांत ह्याच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या त्या रुग्णांचे आयुष्य कमी असते, असे दाखविले. पुढे ह्याच प्रथिनावर रोखलेले प्रतिपिंड औषध म्हणून तयार झाले आणि १९९८ साली त्याला मान्यता मिळाली. वाईट भविष्याची खूण उपचाराचे लक्ष्य बनली. कर्करोगदर्शक प्रथिनांच्या साऱ्या इतिहासात ह्याच्या तोडीची घटना क्वचितच सापडेल.

उरला धोक्याचा प्रश्न : आज निरोगी असलेल्या माणसाला पुढे रोग होईल काय? येथे क्रियापदाचा अर्थच बदलतो. ‘आहे’ ह्या निश्चयार्थाची जागा ‘होण्याचा संभव आहे’ हा संभवार्थ घेतो. चमत्कार असा की, निश्चयार्थात फसलेले ‘पीएसए’ संभवार्थात पुष्कळ समर्थ ठरले. स्वीडनमधील माल्मो येथे पूर्वी साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून व्हिकर्स, लिल्या आदींनी २०१० साली असे दाखविले की, वयाच्या ६० व्या वर्षी ज्यांचा आकडा २ नॅनोग्रॅमच्या वर, म्हणजे वरच्या चतुर्थांशात होता, त्यांच्यातच ८५ व्या वर्षापर्यंतचे प्रोस्टेट कर्करोगाचे ९० टक्के मृत्यू घडले. तरीही त्या चतुर्थांशातील बहुसंख्य पुरुष ह्या रोगाने मेले नाहीत. तेव्हा ह्या निष्कर्षाचा खरा लाभ उरलेल्या तीन चतुर्थांशांना आहे : त्यांना पुढील तपासण्यांतून बव्हंशी मोकळे करता येते.

जनुकांच्या नामकरण-समित्यांनी ह्या जुन्या नावांची आता दुरुस्ती केलेली आहे. ‘सीईए’ हे पेशींना एकमेकींशी चिकटविणाऱ्या प्रथिनांच्या कुळातले असल्याचे १९८९ मध्ये कळले, आणि १९९९ साली त्या कुळाच्या नव्या परिभाषेत त्याला पाचवा क्रमांक मिळाला. ‘पीएसए’ला कॅलिक्रीन कुळातला तिसरा क्रमांक आहे. ‘सीए-१२५’ हे श्लेष्मल प्रथिनांपैकी सोळावे, हे २००१ साली निश्चित झाले. नव्या नावांत कर्करोग नाही, भ्रूण नाही, ‘विशिष्ट’ हे विशेषणही नाही आणि सशाचा दृष्टिकोनही नाही. ती संशोधनपत्रिकांतून वापरली जातात. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालावर मात्र अजूनही १९६५, १९७९ आणि १९८१ ह्या सालांची नावे छापलेली असतात, आणि त्यांच्या शेजारी सीमारेषेचा आकडा.